बाबांचं रक्त, बाबांची सही

पत्राचा सारांश: वाचक तिशीतल्या आहेत, पुण्यात नोकरी करतात. आईवडील आणि धाकटा भाऊ दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाडीत राहतात. काजूची बाग आहे, दोन म्हशी आहेत. गेल्या काजूच्या हंगामात ५८ वर्षांच्या वडिलांना माकडताप, म्हणजे गोचिडी चावून होणारा विषाणूचा ताप, झाला. आधी डेंग्यू समजून औषधं झाली, मग आरोग्य केंद्रातून रक्त तपासायला गेलं, निदान झालं आणि गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं. वाचकांना रजा मिळाली नाही, त्या चौथ्या दिवशी पोचल्या. वडील बरे होऊन घरी आले, पण पुढे कितीतरी दिवस अंगात त्राण नव्हतं. आता एका वैद्यकीय संस्थेचं पथक घरी येऊन गेलं आहे. माकडतापातून उठलेल्या रुग्णांचा वर्षभर अभ्यास करायचा आहे. ठरावीक महिन्यांनी रक्त घेतील, स्मरणशक्तीच्या आणि तोल सांभाळण्याच्या काही चाचण्या करतील. आजारी न पडलेल्या घरच्यांचंही एकदा रक्त हवं आहे, म्हणून भावाला विचारलं आहे. पुढे लशीची चाचणी निघाली तर संपर्क करू का, असा एक रकानाही फॉर्मवर आहे. वडील म्हणतात, ‘रगात दिलंय तर माझा काय जातला?’ आई रडते. भावाला धास्ती, की नाव नोंदलं तर बागेत जायला बंदी येईल. वाचकांनी फोनवर ‘सही करायची नाही’ असं सांगून टाकलं आहे. त्या विचारतात: गरिबांवरच प्रयोग का? यात बाबांचा काही फायदा आहे का? एकदा होऊन गेला म्हणजे आता पुन्हा होणार नाही ना? आणि मी नको म्हणाले ते चुकलं का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बागेचा सगळा हिशोब बाबा अजून स्वतःच ठेवतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. अशा माणसाच्या वतीने होकार द्यायचा अधिकार जसा पथकाला नाही, तसा नकार द्यायचा तुम्हालाही नाही. हे लागेल, कल्पना आहे. पण तुमच्या पत्रातलं ते ‘चौथ्या दिवशी’ वाचलं आणि वाटलं, फोनवरचा नकार तिथूनच आलेला असावा. आजारात जवळ असता आलं नाही, तर आता तरी बाबांना कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही. यात माया आहेच. फक्त बाबांनी काय करावं हे त्या खंतीने ठरवू नये.

मी डॉक्टर नाही. एका इस्पितळाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर, वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सदस्य म्हणून बसते. अभ्यासाचा आराखडा डॉक्टर मंडळी तपासतात. माझ्यासारखीने पाहायचं ते एवढंच, की ज्याला सही करायची आहे त्याला हा कागद कळतो आहे का आणि ‘नको’ म्हणायची वाट खरोखर मोकळी आहे का. पुढचं सगळं त्या खुर्चीवरून लिहिते आहे.

गरिबांवरच प्रयोग का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर सरळ आहे. माकडताप हा पश्चिम घाटातला आजार आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हा विषाणू शोधला. पुढची अनेक वर्षं तो शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांतच राहिला. मग २०१२च्या अखेरीस बंडीपूर, नंतर केरळात वायनाड, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाळी गाव आणि २०१६च्या सुरुवातीला तुमचा दोडामार्ग, असा तो घाटाच्या कडेकडेने दिसत गेला. त्या पहिल्याच हंगामात तुमच्या भागात शंभराहून जास्त लोकांना लागण झाल्याचं रक्ततपासणीत सिद्ध झालं. या आजारातून उठलेला माणूस भेटायचा तर तो अशाच वाड्यांमध्ये भेटणार. पुण्यातल्या सोसायटीत पथकाला काय मिळेल?

उरलेलं अर्धं उत्तर इतकं सरळ नाही. रानात उतरतं कोण? काजी गोळा करणारे, गुरं चारणारे, गोठ्यासाठी पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, आणि चुलीसाठी लाकडं आणणारे. त्यांच्या आजाराला बाजारात किंमत नाही, म्हणून एखादी मोठी औषध कंपनी धावत येत नाही. त्यात हा विषाणू हाताळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसांनाच लागण होण्याचा धोका असतो, त्यामुळे वरच्या दर्जाची सुरक्षा असलेल्या मोजक्याच ठिकाणी त्यावर काम करता येतं. सत्तरच्या आसपास वर्षं झाली तरी यावर नेमकं औषध नाही. ताप, वेदना, रक्तस्राव, घसरणारा रक्तदाब, जे दिसेल ते सांभाळत रुग्णाला पार न्यायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. शंभरातले साधारण तीन ते पाच रुग्ण दगावतात.

लशीची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी, कारण गावात जी कुजबुज चालते तिला काही आधार आहे. सुरुवातीला रशियाकडच्या अशाच एका गोचीडजन्य मेंदूज्वरावरची लस शिमोग्यात वापरून पाहिली, ती कामी आली नाही. मग खास याच विषाणूपासून लस तयार झाली. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे काही वर्षं दरवर्षी एक सुई. टोचलेली जागा चांगलीच दुखायची, बरेच लोक बूस्टरला परत यायचेच नाहीत. कर्नाटकातल्या नोंदी तपासून २०१३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दोन डोसांचं संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह ८३ टक्के निघालं. पुढे लशीची ताकदच कमी भरते आहे असं दिसलं आणि २०२२ मध्ये ती थांबवली गेली. आता भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून नवी लस तयार करत आहेत.

ही हकिगत ऐकून ‘बघा, आपल्यालाच टोचत राहिले’ असं तुमचा भाऊ म्हणेल आणि ते खोटं नाही. पण टोचलेल्यांपैकी किती जण तरीही आजारी पडले, याची मोजदाद कुणी केली नसती, तर उणी पडणारी लस आजही चालूच राहिली असती. गावावर जास्त प्रयोग झाले हा मला खरा दोष वाटत नाही. इतकी वर्षं औषधपाणी चाललं आणि त्याची मोजणी मात्र फार उशिरा, फार थोडी झाली, हा खरा दोष.

गोचिडीच्याच दुसऱ्या एका विषाणूचं उदाहरण देते. क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप भारतात पहिल्यांदा सिद्ध झाला तो २०११च्या जानेवारीत, गुजरातमध्ये साणंदजवळ. रुग्ण बाई गेलीच, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. त्यावर रिबाव्हिरिन नावाचं औषध जगभर कैक वर्षं देत आले आहेत, पण ते खरंच उपयोगी पडतं का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. कारण औषध दिलेले आणि न दिलेले रुग्ण नीट ताडून पाहणारा चांगला मोठा अभ्यासच झाला नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला औषधाशिवाय कसं ठेवायचं, ही अडचण समजते. तरी परिणाम असा, की प्रत्येक रुग्णावर अंदाजाने उपचार होतो आणि त्या अंदाजाला प्रयोग कुणी म्हणत नाही. उलट जपानमध्ये पाहा. चीनमध्ये पहिल्यांदा ओळखला गेलेला गोचिडीचाच एक विषाणू तिथे २०१३ मध्ये सापडला. मूळ फ्लूसाठी बनलेलं फॅव्हिपिराव्हिर हे औषध त्या आजाराच्या रुग्णांना चाचण्यांमधून दिलं गेलं आणि २०२४ मध्ये त्याला त्या आजारासाठी मान्यता मिळाली. मधल्या वर्षांत जे रुग्ण हो म्हणाले, त्यांच्या नोंदींवर ती मान्यता उभी आहे.

आता बाबांचा फायदा. स्पष्ट सांगते, या अभ्यासातून त्यांना उपचार म्हणून काहीही मिळणार नाही. पथकात डॉक्टर असतील, ते रक्तदाब बघतील, आपुलकीने चौकशी करतील आणि घरच्यांना वाटेल की बाबांवर मोठ्या संस्थेचे उपचार चालू आहेत. कमिटीत बसून मला या गैरसमजाची जितकी धास्ती वाटायला लागली आहे, तितकी सुईची वाटत नाही. बाबांना चक्कर आली, हात कापू लागले, तर पथकाच्या पुढच्या फेरीची वाट न बघता डॉक्टरकडेच जायचं.

मग पथकाला हवं आहे तरी काय? माकडतापाच्या १० ते २० टक्के रुग्णांमध्ये ताप उतरतो, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग तो पुन्हा उलटतो. त्या दुसऱ्या खेपेला डोकं भयंकर दुखतं, मान आखडते, हातपाय थरथरतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. नंतरचा थकवा किती काळ टिकतो, विसराळूपणा राहतो का, रक्तातलं संरक्षण कधी ओसरायला लागतं, ही माहिती सलग वर्षभर पाहिल्याशिवाय मिळत नाही. स्मरणशक्तीच्या आणि तोलाच्या चाचण्या त्यासाठीच आहेत. भावाच्या रक्तावरून कळेल ते हे, की घरात कुणाला लक्षण न दिसताच लागण होऊन गेली होती का. उद्या एखाद्या शेजाऱ्याला झालं, तर त्याच्या डॉक्टरला या माहितीचा उपयोग होईल. बाबांना हे पुरेसं कारण वाटलं तर त्यांनी हो म्हणावं. नाही वाटलं, तर तेही तितकंच रास्त.

सहीआधी काय विचारायचं ते सांगते. हे बाबांनी विचारायचं आहे, तुम्ही फोनवर ऐकत बसा. माहितीपत्रक मराठीत आहे का आणि ते कुणी वाचून समजावलं का? बाबांना वाचायला जड जात असेल, तर पथकाबाहेरचा एक साक्षीदार समोर असायला हवा. एका वेळी किती रक्त घेणार? चमचाभर घेतात, पण आकडा मागा. तपासणीत काही निघालं तर बाबांना कळवणार की नुसतं वहीत राहणार? हे विचारायचं लोक विसरतात आणि नंतर तेच सगळ्यात जास्त खटकतं. उरलेलं रक्त किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कुठल्या अभ्यासाला वापरणार का, देशाबाहेर जाणार असेल तर तशी परवानगी आहे का? ‘या अभ्यासापुरतंच वापरा’ असं लिहून द्यायची सोय बहुतेक फॉर्मवर असते. बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च देणं योग्य आहे. त्याहून मोठी रक्कम कुणी पुढे केली तर मात्र सावध व्हा. कागदावर एथिक्स कमिटीचं नाव आणि फोन नंबर असतो, त्या नंबरवर तुम्ही खुशाल फोन करा. आमच्याकडे असे फोन क्वचित येतात, ते जास्त यावेत असं मला वाटतं. आणि सही केलेल्या कागदाची प्रत घरात राहिली पाहिजे. ‘नंतर पाठवतो’ चालणार नाही.

लशीच्या रकान्याचं वेगळं सांगते. तिथे खूण केली म्हणजे चाचणीत नाव गेलं असं नाही, फक्त संपर्काची परवानगी दिली. प्रत्यक्ष चाचणी निघाली तर वेगळं माहितीपत्रक येईल, वेगळी सही लागेल. औषध किंवा लशीची चाचणी असेल तर २०१९च्या नियमांनुसार तिची भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधी नोंद असावी लागते. ही नोंद कुणालाही इंटरनेटवर पाहता येते, पुण्यात बसून तुम्हीही पाहू शकता. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणंही त्याच नियमांत आहे. नवी लस पहिल्या टप्प्यात थोड्या निरोगी माणसांना टोचून ती झेपते का, एवढंच मुख्यतः पाहतात. ती रोग रोखते का, हे पुढच्या टप्प्यांत कळतं. म्हणून भाऊ उद्या कधी अशा चाचणीत गेलाच, तर ‘लस घेतली, आता बिनधास्त रानात जातो’ असं त्याने धरून चालू नये.

त्याची बागेबद्दलची धास्तीही गंभीरपणे घ्या, हसण्यावारी नेऊ नका. घर त्या बागेवर चालतं. संशोधन पथकाला बागेत जायला बंदी घालायचा काही अधिकार नसतो, आणि बाबांचं नाव ते कुठेही छापू शकत नाहीत. माकड मरून पडलं की आरोग्य खातं त्या जागेभोवती कीटकनाशक पावडर मारतं आणि लोकांना तिकडे जाऊ नका म्हणतं, हे खरं. पण ते मेलेल्या माकडामुळे होतं, तुमच्या सहीमुळे नाही. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पुढच्या अंगाची वाट पाहतात. तो तुकडा खरोखरच धोक्याचा असतो. बंदीच्या भीतीने मेलेलं माकड लपवणं हे सगळ्यात वाईट. वाडीत तसं होत असेल, तर तुमच्या भावासारख्या तरुणाने आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायला हवं. हात मात्र लावायचा नाही.

पुन्हा होणार नाही ना, असं तुम्ही विचारलंत. होऊन गेलेल्याला सहसा चांगलं संरक्षण मिळतं, पण त्याच्या भरवशावर बाबांनी उघड्या पायांनी रानात जावं असं कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही. आई आणि भावाला तर तेवढंही संरक्षण आहे असं धरता येत नाही. डिसेंबरपासून मेपर्यंत गोचिडीची बारीक पिल्लं रानात असतात, इतकी लहान की घामोळं समजून माणूस खाजवत बसतो. नेमके तेच काजूचे दिवस. बोंडांसाठी माकडंही तिथेच येतात. तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचलेले, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रात मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल, आणि ते दर काही तासांनी पुन्हा. दमल्यावर पातेऱ्यावर बसायचं नाही. तुमच्याकडे गोठ्यात पसरायला पातेरा रानातूनच येत असेल, तर हंगामापुरता तो बंद करा. माझ्या मते घरातला हाच सर्वात दुर्लक्षित धोका आहे, कारण पातेऱ्याबरोबर गोचिडी थेट अंगणात येतात. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंघोळ, आणि एकमेकांची पाठ, बगला, कानामागची जागा बघणं. चिकटलेली गोचीड नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा.

आणि ताप आला तर? चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत तो एकदम चढतो. डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं: रानात गेलो होतो, माकडतापाच्या भागातला आहे. बाबांच्या वेळी डेंग्यू वाटला यात नवल नाही, दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत आणि पहिल्या दिवसांत सारखेच दिसतात. रक्त लवकर गेलं तर विषाणू थेट सापडू शकतो. उशीर झाला की मग शरीराने केलेल्या प्रतिपिंडांवरून ओळखावं लागतं. तोवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं.

राहता राहिली आई. ती सुईला घाबरून रडत असेल असं मला वाटत नाही. इस्पितळातले ते दिवस तिने एकटीने काढले, आणि आता पुन्हा घरात पांढरे कोट. तिला एक गोष्ट कदाचित कुणी नीट सांगितली नसेल: हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. बाबांच्या ताटातून, अंथरुणातून, रक्त काढताना घरात आलेल्या पथकातून तिला किंवा भावाला काही होणार नाही. हे पथकातल्या डॉक्टरांनी तिच्यासमोर बसून सांगावं, अशी विनंती तुम्ही करू शकता.

तेव्हा आज बाबांना फोन करा आणि ‘सही करायची नाही’ हे शब्द मागे घ्या. पथकाला सांगा की संध्याकाळी, बागेतून माणसं परतल्यावर या आणि मला फोनवर घ्या. प्रश्न विचारून झाले की उत्तर लगेच द्यायची गरज नाही, चार दिवस मागून घ्या. भावाचा निर्णय भावाचा, बाप-लेकांनी एकच उत्तर द्यायला हवं असं काही नाही. बाबा हो म्हणाले आणि तिसऱ्या वेळी कंटाळले, तर तिथेही थांबता येतं, कारण द्यावं लागत नाही. नाही म्हणाले तर आरोग्य केंद्रातल्या त्यांच्या औषधपाण्यात कसलाही फरक पडता कामा नये. पडला, तर त्या कागदावरचा कमिटीचा नंबर त्यासाठीच आहे.